गाणं मध्येच थांबतं

डहाणू रोड स्टेशनजवळच्या गल्लीत माझं दुकान आहे. पाटीवर 'रेडिओ, टेप, टी.व्ही. दुरुस्ती' असं लिहिलंय आणि या तिन्ही वस्तू आता कुणी घेऊन येत नाही. तरी लोक मला रेडिओवाले काकाच म्हणतात, म्हणून पाटी तशीच ठेवलीय. चाळीस वर्षांत किती यंत्रं दुरुस्त केलीत, असं या अंकाच्या संपादकांनी विचारलं. मोजली नाहीत हो. लक्षात राहिलंय ते एक, आणि ते मी बिघडवलेलं आहे. त्याच्याबद्दलच लिहितो. पण आधी धंदा थोडा समजून घ्या, नाहीतर माझा गाढवपणा तुम्हाला नीट कळायचा नाही.

हल्ली माझ्याकडे येतात ते गाण्यांचे छोटे प्लेअर. तळहाताएवढा डबा, आत कार्ड, पुढे स्पीकर, मागे बॅटरी. तुम्ही म्हणाल, फोन असताना हा कोण घेतो? आमच्याकडे घेतात. घरातला फोन कमावत्या माणसाबरोबर कंपनीत जातो, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना हा डबा. बोटीवर चालतो, शेतात चालतो, पडला तरी चालतो. आठवड्यातून एकदा मी पेटी घेऊन तलासरीच्या बाजारात बसतो, तिथं तर निम्मं गिऱ्हाईक याचंच.

त्यात सगळ्यात छळणारी तक्रार म्हणजे 'मध्येच थांबतो'. पार मेलेलं यंत्र सोपं असतं. उघडलं, तपासलं, जळलेलं काय ते बदललं, संपलं. मध्येच थांबणारं यंत्र माझ्यासमोर थांबतच नाही. दातदुखीसारखं असतं ते, डॉक्टरच्या पायरीवर पोचलं की दुखणं गायब. थकलेली बॅटरी गाणं चढलं की दम सोडते. कार्डावर एखादा भाग खराब झाला की गाणं तिथं येऊन अडकतं. नाहीतर कुठंतरी पत्र्याला पत्रा टेकत नसतो. यातलं काहीच नसलं, तर मग माणसात शोधायचं.

आणि माणसात शोधायचं काम माझं नव्हतं, मालतीचं होतं. मालती माझी बायको. दुपारची भांडी आवरली की मसोलीच्या आमच्या घरून चालत दुकानात यायची, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची आणि येणाऱ्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहायची. मी म्हणायचो, "अगं, 'आवाज नाही' एवढं लिही की." ती म्हणायची, "ते तुम्हाला उघडल्यावर दिसेलच. त्यांना काय दिसतं ते लिहिते."

झाईचा एक तांडेल होता, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. त्याचा प्लेअर घरी व्यवस्थित, समुद्रात गेला की थांबायचा. मी दोनदा उघडला, दोनदा काही सापडलं नाही, दोनदा त्याला सांगितलं की खाऱ्या हवेनं होतं. तिसऱ्यांदा मालतीनं विचारलं, "दादा, बोटीवर तुम्ही तो ठेवता कुठं?" म्हणाला, "इंजिनच्या वर खिळ्याला टांगतो, वहिनी." इंजिनच्या धडधडीनं बॅटरीची स्प्रिंग उड्या मारत होती. पुठ्ठ्याची घडी करून मागे खोचली, काम झालं. पापलेट मात्र तो वहिनींच्या नावानं देऊन गेला.

दुसरे एक चिकूच्या वाडीचे शेठ. तणतणत आले, "काका, आ शुं आप्युं तमे? बरोबर अडधा कलाके बंध!" मी लगेच स्क्रू काढायला घेतला. मालती म्हणाली, "शेठ, रोज अर्ध्याच तासानं? पाच मिनिटं मागेपुढे नाही?" नाही म्हणाले, एकदम टाइमसर. त्यांच्याच बोटानं झोपेचं बटण दाबलं गेलं होतं, अर्ध्या तासानं यंत्र आपोआप निजायचं. शेठ हसले आणि शेजारच्या दुकानातून तीन चहा मागवले.

मालतीची एक सवय मला आवडायची नाही, तेही सांगून टाकतो. तिला काही विचारलं की ती लगेच उत्तर द्यायची नाही. "चहा घेणार का?" एवढं विचारलं तरी ती आधी विचार करायची आणि मग म्हणायची, "अर्धा." मला त्या मधल्या वेळाची चीड यायची. "अगं, बंद पडलीस का?" असं मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालोय.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी लांब दिली आहे, फोन करते. चिठ्ठ्या बंद झाल्या. गिऱ्हाइकानं वस्तू ठेवली की मी म्हणायचो, "परवा या," आणि विषय संपवायचो. घरी गेलो की चप्पल काढायच्या आधी रेडिओ लावायचा. जेवताना रेडिओ, पडल्यावर रेडिओ. घरातली शांतता मला सोसत नव्हती, साधं सांगायचं तर भीती वाटायची तिची. लोक म्हणायचे, काका कामात अगदी बुडून गेलेत. बुडालो होतो खरा.

अशा दिवसांत तलासरीच्या बाजारात वनशी आली.

तिशीतली वारली बाई, पूर्वेकडच्या डोंगराखालच्या एका पाड्यावरची. घरची बोली घरी ठेवून बाजारात आमच्यासारखंच मराठी बोलणारी. तिनं कमरेचा बटवा सोडला, त्यातून प्लेअर काढून माझ्या पेटीवर ठेवला. "काका, मध्येच थांबतो. आयसचा आवाज आहे याच्यात. सांभाळून करा." आयस म्हणजे तिची आई.

"परवा डहाणूला ये, नाहीतर पुढच्या बाजाराला इथं," मी म्हणालो.

ती आणखी काही सांगणार होती. तोंड उघडलं होतं तिनं. पण तोवर मी पुढच्या माणसाची बॅटरी हातात घेतली होती.

दुकानात उघडून बघितला तर दोष ढळढळीत. बॅटरीच्या पत्र्यावर पांढरी खपली. आधी मला वाटलं बॅटरी गळली, मग वास आला. तंबाखूचा चुना. म्हातारीनं तंबाखू, चुन्याची डबी आणि प्लेअर एकाच बटव्यात ठेवलेला, आणि लेकीनं तो बटवा तसाच पुढे चालवलेला. चुना खरवडला, पत्रे घासले, चालू केला. हातात हलवला, आपटला, तासभर वाजवला. यंत्र एकदाही बंद पडलं नाही. काम तिथंच संपलं होतं. मी तिथं थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण गाणं थांबत होतं. म्हातारीची एक ओळ यायची आणि मग सात-आठ सेकंद काही नाही. पुन्हा ओळ, पुन्हा काही नाही. नऊ गाणी, सगळी अशीच. आता, त्या मधल्या वेळात लांबून कोंबडी ओरडलेली ऐकू येत होती, चुलीत काटकी मोडल्याचा आवाज येत होता. बंद पडलेल्या यंत्रात कोंबडी ओरडत नाही, एवढं मलाही कळत होतं. पण मी ठरवून टाकलं की म्हातारीला पुढचं आठवत नसणार. ते रिकामे सेकंद मला ऐकवेनात. उठून जाऊन काहीतरी लावावं असं व्हायचं.

म्हणून मी आगाऊपणा केला. सगळी गाणी कॉम्प्युटरवर घेतली. ठरावीक आवाजाखालचं सगळं कापून टाकणारी एक सोय असते, ती चालवली. बावन्न मिनिटांची गाणी एकवीस मिनिटांत बसली. कार्ड पुसून कोरं केलं, कारण जुन्या कार्डावर कोरं करूनच भरायचं ही माझी पद्धत. स्वच्छ केलेली गाणी परत भरली आणि उरलेल्या जागेत माझ्याकडून भेट म्हणून शंभरेक भजनं. कॉम्प्युटरवरचं मूळही उडवलं, गिऱ्हाइकाचं काही ठेवायचं नाही हीसुद्धा माझीच शिस्त. पुढच्या बाजाराला मोठ्या दिमाखात तिच्या हातात दिलं. "घे. आता एकदाही थांबणार नाही."

ती दुसऱ्या दिवशी डहाणूला दुकानात आली. तिच्या पाड्यापासून जीप, मग एसटी, म्हणजे सकाळीच निघालेली असणार. रागावलेली नव्हती. तिनं प्लेअर काउंटरवर ठेवून चालू केला, आईच्या दोन ओळी ऐकवल्या आणि मला विचारलं, "काका, आयसला घाई कशाची झाली?"

मला काही कळेना.

"ती अशी धावत नाही गायची. ती एक ओळ म्हणायची आणि थांबायची. मग मी म्हणायची. आता मी म्हणू कुठं?"

मग तिनं सगळं सांगितलं. तलासरीला तोंड उघडून सांगणार होती तेच. तिची आई लाडकीबाई, धवलेरी. वारल्यांमध्ये लग्न लावते ती धवलेरी, बाई असते. भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं पांढरं चित्र, लिहिला जातो तेव्हापासून ती गात असते आणि तिच्या गाण्यांवर लग्न लागतं. ती गाणी कुठं लिहिलेली नसतात. शिकायची ती मागे म्हणून म्हणून. वनशी गुजरातेत कंपनीत पॅकिंगला होती, महिन्यातून एकदा घरी यायची, तेवढ्यात शिकणं होईना. तिनं उमरगावच्या बाजारातून रेकॉर्डिंगचं बटण असलेला हा प्लेअर आईला आणून दिला. आई घरात एकटीच बसायची, लाल बटण दाबायची, एक ओळ म्हणायची आणि लेकीला म्हणायला लागेल तेवढा वेळ गप्प राहायची. मग पुढची ओळ. महिन्याच्या फेरीला लेक तो भरलेला प्लेअर घेऊन जायची, पुढच्या फेरीला आईकडे परत ठेवायची. कंपनीच्या खोलीवर कामावरून आली की त्या जागेत आपली ओळ म्हणायची. निम्म्यावर शिकणं आलं आणि आई गेली.

"पाड्यात लग्न आहे," वनशी म्हणाली. "बारा दिवसांवर. आयस गेल्यावरचं पहिलं. मला आलं नाही तर दुसऱ्या पाड्याची धवलेरी आणतील. एकदा ती आली की मग तीच. आमच्या घरातून गाणं गेलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी तिला बसायला सांगितलं आणि कार्डावरचं पुसलेलं परत मिळवायची जेवढी म्हणून साधनं माझ्याकडे होती ती चालवली. पुसलेलं कधीकधी परत येतं, पण त्याच्यावर दुसरं काही लिहिलं नसेल तर. त्यावर मी शंभर भजनं लिहून ठेवली होती, भेट म्हणून. कॉम्प्युटरवरचंही गेलेलं. दुपारी दीड वाजता मी तिला म्हणालो, "नाही येत, पोरी. माझ्या हातानं गेलं."

तिनं कार्ड उचलून हातात घेतलं. मग म्हणाली, "ओळी आहेत ना सगळ्या?"

"ओळी आहेत."

"मग जागा घाला परत."

रिकामी जागा घालणं हे दोन मिनिटांचं काम, पण किती घालायची? प्रत्येक ओळीला वेगळी. ते मोजायला एकच माप होतं, ती स्वतः. म्हणून ती मालतीच्या स्टुलावर बसली. तीन वर्षांत त्या स्टुलावर कुणाला बसू दिलं नव्हतं, त्यावर मी खोकी ठेवायचो. मी आईची एक ओळ वाजवायचो, वनशी ती मागे म्हणायची, तिला लागला तेवढा वेळ मी मधे कोरा घालायचो. मग पुढची ओळ. पहिल्या दिवशी एकच गाणं झालं. ती रोज आली, चार दिवस. भाकरी बांधून आणायची. मी शटर अर्धं ओढून घ्यायचो, कारण गाणं ऐकून गल्लीतली माणसं डोकावायला लागली होती.

मला शब्द अर्धेमुर्धे कळायचे. पण माप कळायला लागलं. छोट्या ओळीला चार सेकंद, लांब ओळीला नऊ. एका ठिकाणी वनशी म्हणाली, "इथं जास्त ठेवा. इथं मी नेहमी चुकायची, म्हणून आयस जास्त थांबायची." मी मालतीला इतकी वर्षं ओळखत होतो, पण तिच्यासाठी असा जास्तीचा एक सेकंद मी कधी ठेवला नव्हता. हे मला त्या स्टुलाकडे बघताना सुचलं आणि फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी, सातव्या गाण्यात, तिनं हात वर केला. "इथं ती बोलायची."

"काय?"

"हळू. 'म्हण, वनशे' असं. मला इथं रडू यायचं म्हणून. तेवढं एकदाच आहे, नऊ गाण्यांत."

हळू बोललेलं, म्हणजे ठरावीक आवाजाखालचं. मशीननं कोंबडीबरोबर तेही कापलं होतं. चष्मा काढून पुसत बसलो. म्हणालो, "वनशी, मी ते ऐकलंसुद्धा नव्हतं गं. मी फक्त कुठं थांबतं तेवढंच बघत होतो." तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "कोरं ठेवा. मला ठाऊक आहे तिथं काय आहे." त्या जागेला आम्ही अकरा सेकंद ठेवले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी काम झालं. मी पत्रे पुन्हा घासले, नवीन बॅटरी घातली, चुन्याची डबी वेगळी ठेवायला एक प्लॅस्टिकची डबी दिली. ती देऊ लागली ते पैसे घेतले नाहीत, त्यात मोठेपणा काही नाही. जाताना ती म्हणाली, "लग्नाला या. ऐकायला या."

गेलो. तलासरीला उतरलो, तिथून जीपनं, शेवटचं पायी. मांडवात मी पुरुषांच्या मागे उभा राहिलो. भिंतीवर चौक लिहून झाला होता. वनशी त्याच्यासमोर बसली होती, हातात काही नव्हतं. प्लेअर तिनं आणलाच नव्हता. दुसऱ्या पाड्यावरची एक म्हातारी धवलेरी बाजूला बसून होती. हिला जमलं नाही तर असावी, म्हणून घरच्यांनी बोलावून ठेवलेली.

वनशीनं पहिली ओळ म्हटली आणि थांबली.

शिकताना थांबायची सवय लागलेली, ती तशीच राहिली होती. ती म्हातारी मान उंचावून बघायला लागली. मला वाटलं, हे माझंच पाप, मी जागा मोजून दिल्या आणि आता ही लग्नात बंद पडणार. मी मनात सेकंद मोजत होतो. तीन. चार. आणि मांडवातल्या बायकांनी ती ओळ उचलली. आधी एकीनं, मग सगळ्यांनी. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. लाडकीबाईच्या मागे त्या वर्षानुवर्षं अशाच म्हणत आल्या होत्या, त्यांना त्यात नवल वाटलं नाही. वनशीनं दुसरी ओळ घेतली. ती थांबली, बायकांनी उचलली. थोड्या वेळानं ती बाजूची म्हातारीही त्यांच्यात म्हणायला लागली.

सातव्या गाण्यात ती जागा आली. मला शब्द कळत नसले तरी ती जागा कळली. वनशी गप्प झाली, डोळे मिटले, बायकाही गप्प राहिल्या. मी सगळ्यांच्या मागे होतो, मला कुणी ऐकण्याची शक्यता नव्हती. तरी मी आतल्या आत म्हणालो, म्हण, वनशे. अकरा सेकंद पुरे व्हायच्या आत तिनं पुढची ओळ म्हटली.

जेवून निघालो. हायवेला बस मिळाली, डहाणूला उतरून मसोलीपर्यंत चालत आलो. दिवेलागणीची वेळ होती, शेजारच्या घरांतून टी.व्ही.चे आवाज येत होते. कुलूप काढलं, आत आलो. हात सवयीनं रेडिओच्या बटणाकडे गेला, तो मागे घेतला. चप्पल काढली आणि म्हणालो, "लागलं गं लग्न. छान म्हणाली पोरगी."

आणि मग तिथंच दाराशी उभा राहिलो. मालतीला उत्तर द्यायला लागायचा तेवढा वेळ.